ब्रेक ऑईलची डबी काठोकाठ, तरी मीटरवर लाल दिवा: लेव्हल सेन्सरच्या सर्किटमधला एक दोष

गाडी २०१७ सालची पेट्रोल हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे, क्लच केबलचा. वापर कोल्हापूर शहरात, शिवाय गगनबावड्याकडे नेहमीची ये-जा. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात, झड लागलेली असताना, ती शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये आली. जॉब कार्डावर मालकाच्याच शब्दांत तक्रार होती: "सकाळी लाल दिवा पेटतोय, दुपारी ऊन पडलं की जातोय. ब्रेक चांगलं लागत्यात."

हा डॅशबोर्डवरच्या मीटरमधला ब्रेकचा इशारा दिवा; ब्रेक ऑईल कमी झालं किंवा हँडब्रेक ओढलेला असला की लागतो. मालकाच्या या बोलण्यात निम्मं निदान आहे. दिवा पाण्याबरोबर येतो आणि उन्हाबरोबर जातो. डबीतलं ऑईल खरोखर कमी असतं, तर दिवा वळणावर, उतारावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर लागला असता. त्याला सकाळ-दुपार कळत नाही. पण या गाडीचा मागचा इतिहास गुंतागुंतीचा होता. मे महिन्यात हाच दिवा घाटात वळणावर चमकत होता, तेव्हा रस्त्याकडेच्या एका दुकानात ब्रेक ऑईल टाकून घेतलं होतं. जुलैमध्ये दुसऱ्या ठिकाणी पुढचे पॅड बदलले. ऑगस्टमध्ये दिवा पुन्हा लागायला लागला, तेव्हा तिसऱ्या ठिकाणी डबी भरलेली पाहून हँडब्रेकचा स्विच बदलला गेला. दिवा तसाच राहिला.

आधी ब्रेक, मग वायरिंग

लाल दिव्याची गाडी आली की मल्टिमीटर हातात घेण्याआधी ब्रेक सुरक्षित आहेत का हे बघायचं. हा क्रम बदलू नये. पहिल्या पाच मिनिटांत पुढच्या गोष्टी तपासल्या.

इंजिन चालू ठेवून पेडल सारखा दाब देऊन अर्धा मिनिट धरला. खाली सरकला नाही, म्हणजे मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने ऑईल चाकांकडे ढकलणारा) आतून गळत नाही. चारही चाकांच्या आतल्या बाजू, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे), होज, मागच्या व्हील सिलिंडरची रबरं आणि मास्टर सिलिंडर बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) जिथे बसतो तो सांधा, सगळं बघितलं. बूस्टरच्या तोंडाशी होणारी गळती बाहेर दिसत नाही, ऑईल आत बूस्टरमध्ये जमतं; म्हणून तिथे बोट फिरवूनच बघावं लागतं. सगळं कोरडं होतं. पुढच्या पॅडचं मटेरियल ९ मिमी, मागचे लायनर ३.५ मिमी. ज्या गाड्यांत क्लच हायड्रॉलिक असतो आणि त्याच डबीवर चालतो, तिथे क्लचची गळतीही डबी उतरवते, पण इथे तो प्रश्न नव्हता.

पिवळा एबीएस दिवा चावी ऑन केल्यावर लागून विझत होता. हे महत्त्वाचं आहे. लाल आणि पिवळा दोन्ही दिवे एकत्र पेटून राहिले, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ मागच्या-पुढच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा बंद पडली असा होतो. तिथे डबी आणि हँडब्रेक यांच्या मागे न लागता आधी एबीएसने नोंदवलेले दोषांचे कोड वाचायचे. इथे फक्त लाल दिवा होता, एबीएसमध्ये कोड नव्हता. स्कॅनरवर मीटरच्या लाइव्ह डेटात "ब्रेक स्विच ऑन" एवढंच दिसत होतं, पण तो हँडब्रेकचा की डबीचा हे कळत नव्हतं, कारण या गाडीत दोन्ही स्विच एकाच वायरवर येतात.

डबी मात्र काठोकाठ भरलेली होती. मॅक्सच्या रेषेच्या बरीच वर, झाकणाच्या गळ्यापर्यंत. डबीच्या खालच्या बाजूला, कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) वर, चिकट ओल होती. तिथला रंगही फुगून सुटला होता. ब्रेक ऑईल रंग खातं, त्यामुळे रंग कुठे सुटलाय ते बघितलं की ऑईल कुठून वाहिलं याचा नकाशाच मिळतो.

सर्किट कसं आहे

डबीच्या तळाशी एक बंद खोबण असते. तिच्यात काचेच्या बारीक नळीत दोन पातळ पत्र्यांचा रीड स्विच बसवलेला असतो. डबीच्या आत चुंबक लावलेला फ्लोट तरंगतो. ऑईल पुरेसं असेल तोवर चुंबक वर असतो आणि पत्र्या सुट्या असतात. ऑईल मिनच्या जवळ आलं की चुंबक खाली येतो, पत्र्या चिकटतात. दोन वायरी: एक मीटरकडून येणारी सिग्नलची, दुसरी बॉडीच्या अर्थला (बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेल्या धातूच्या सांगाड्याला). हँडब्रेकचा स्विच त्याच सिग्नल वायरला पुढे जॉइंटमध्ये मिळतो आणि स्वतःच्या ब्रॅकेटमधून अर्थ घेतो. दोघांपैकी कोणीही वायर अर्थला टेकवली की दिवा लागतो.

सगळ्या गाड्या अशा नसतात. काहींत ऑईल पुरेसं असताना स्विच बंद, म्हणजे जोडलेला असतो आणि कमी झालं की उघडतो. काहींत स्विचला आतच रेझिस्टर जोडलेला असतो, म्हणजे वायर तुटली तरी कंट्रोल युनिटला कळतं. त्यामुळे "कपलर काढला, दिवा विझला, म्हणजे स्विच खराब" हे वाक्य प्रत्येक गाडीला लावता येत नाही. वायरिंग डायग्राम बघूनच ठरवायचं.

जुन्या गाड्यांत मीटरमध्ये खरा बल्ब असायचा आणि त्याचा पूर्ण करंट याच स्विचमधून जायचा. कपलरमध्ये थोडी ओल आली तरी त्या गळतीतून बल्ब पेटण्याइतका करंट जात नसे. आताच्या मीटरमध्ये बल्ब या वायरवर नसतो. मीटरच्या आतला एक रेझिस्टर त्या वायरवर सुमारे १२ व्होल्ट लावून ठेवतो आणि प्रोसेसर ते व्होल्टेज वाचतो. खाली आलं की दिवा. करंट अगदी थोडा, दोन-तीन मिलीअँपिअर. त्यामुळे काही किलोओमची ओलसुद्धा मीटरला "स्विच जोडला गेला" असंच सांगते. पावसाळ्यात हा दोष नव्या गाड्यांत जास्त दिसतो त्याचं कारण हेच.

मोजमाप

गाडी सकाळी ओलीच आली होती आणि दिवा पेटलेला होता. हे नशीब समजायचं. दोष हजर असताना बॉनेट पुसायचं नाही, हवा मारायची नाही, आधी मोजायचं. एकदा एअर गन फिरली की पुरावा उडून जातो आणि गाडी "ठीक" होऊन परत जाते.

पहिली पायरी: हँडब्रेक पूर्ण खाली, त्याच्या स्विचचा कपलर काढला. दिवा तसाच. हा स्विच तिसऱ्या गॅरेजने बदललेला होता. तो चांगलाच होता आणि बहुधा जुनाही चांगला असणार.

दुसरी पायरी: डबीचा कपलर न काढता, मागच्या बाजूने वायरच्या सीलला धक्का न लावता बारीक प्रोब आत सरकवून सिग्नल वायरवर व्होल्टेज घेतलं. इग्निशन ऑन, इंजिन बंद, बॅटरीवर १२.३ व्होल्ट. सिग्नलवर ३.७ व्होल्ट.

इथेच थांबून विचार करायला हवा. स्विच उघडा असता तर १२ च्या आसपास दिसलं असतं. स्विच खरंच जोडलेला असता तर जवळपास शून्य. ३.७ हे दोन्ही नाही. साधा स्विच दोनच अवस्थांत असतो, एकतर तुटलेला नाहीतर जोडलेला. मधला आकडा दिसला, आणि डायग्राममध्ये रेझिस्टर दाखवलेला नाही, तर कुठेतरी गळतीची वाट तयार झाली आहे. प्रोबऐवजी टेस्ट लॅम्प वापरला असता तर हे कधीच कळलं नसतं.

तिसरी पायरी: डबीचा कपलर काढला. दिवा सुमारे दहा सेकंदांनी विझला. ही दिरंगाई मुद्दाम ठेवलेली असते, नाहीतर खड्ड्यात ऑईल हिंदकळलं की दिवा लुकलुकत राहील. कपलर काढून लगेच "दिवा विझला नाही" असं ठरवणारे इथेच फसतात. निदान अर्धा मिनिट थांबावं. कपलर काढलेला असताना वायरिंगच्या बाजूला सिग्नल आणि अर्थ यांच्यात ११.६ व्होल्ट.

नेहमीचा निष्कर्ष इथे तयार असतो: कपलर काढल्यावर दिवा गेला, डबीत भरपूर ऑईल आहे, म्हणजे सेन्सर गेला. या गाडीत सेन्सर डबीतच कायमचा बसवलेला आहे, वेगळा मिळत नाही, म्हणून नवी डबी मागवायची. पण कपलर काढताना दोन गोष्टी एकदम वेगळ्या झाल्या आहेत: स्विच, आणि कपलरच्या आतली ओल. दोघांतलं कोण गुन्हेगार हे अजून सिद्ध झालेलं नाही.

चौथी पायरी: इग्निशन बंद करून डबीच्या बाजूच्या दोन पिनांवर ओम मोजले. सुरुवातीला १.८ किलोओम दिसले, अर्ध्या मिनिटात आकडा २.६ पर्यंत चढत गेला. प्रोब उलटे लावल्यावर १.५ किलोओम. धातूच्या पत्र्यांचा संपर्क असो की रेझिस्टर, त्याचा आकडा असा सरकत नाही आणि प्रोब उलटे केल्यावर बदलत नाही. सरकणारा, दिशेनुसार बदलणारा आकडा म्हणजे ओला मळ, ज्याच्यात मल्टिमीटरच्या करंटनेच रासायनिक क्रिया चालू आहे. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ती स्विच आणि ओल यांना डबी न उघडता वेगळं करते.

टॉर्च मारून पाहिलं तर पिनांच्या तळाशी चिकट, हिरवट थर. सिग्नलची पिन जास्त हिरवी, अर्थची कमी. सिग्नल पिनेवर इग्निशन ऑन असेपर्यंत सतत पॉझिटिव्ह व्होल्टेज असतं, आणि ओलीत पॉझिटिव्ह बाजूचा धातू विरघळत जातो. उलटं दिसलं असतं तर आधी वायरांची ओळख पुन्हा तपासली असती.

साफसफाई आणि त्यानंतरचे आकडे

दोन्ही बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुतल्या, कमी दाबाची कोरडी हवा दिली, पुन्हा धुतल्या. इथे एक कडक नियम: डबीच्या आसपास पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑईल किंवा गंज सोडवणारा तेलकट स्प्रे वापरायचा नाही. ब्रेकची रबरं ग्लायकॉलच्या ऑईलसाठी बनवलेली असतात. खनिज तेलाचे काही थेंब डबीत गेले तरी रबरं फुगतात, मास्टर सिलिंडरचा पिस्टन परत यायला अडतो आणि ब्रेक धरून राहतात. मग एका कपलरच्या कामापायी मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत सगळं बदलण्याची वेळ येते. कॉन्टॅक्ट क्लीनर वापरायचा तर मागे काही न सोडणारा वापरावा, आणि झाकण घट्ट बंद ठेवून.

धुतल्यानंतर डबीच्या पिनांवर मल्टिमीटर पूर्ण उघडं सर्किट दाखवू लागला, दोन्ही दिशांनी. वायरिंगच्या बाजूला व्होल्टेज ११.६ वरून १२.१ झालं. मग मल्टिमीटर मिलीअँपिअरवर ठेवून सिग्नल वायर अर्थला जोडली: सुमारे २.६ मिलीअँपिअर. दिवा लागला, म्हणजे सिग्नल वायर मीटरपर्यंत सलग आहे. १२.१ ला २.६ ने भागलं की मीटरच्या आतला रेझिस्टर साधारण ४.७ किलोओमचा निघतो. ही वायर अर्थला टेकवण्यात धोका नाही, स्विच तेच काम करतो. पण तिला थेट बॅटरीचा पॉझिटिव्ह कधीही द्यायचा नाही.

आता सकाळ-दुपारचं गणित जुळतं का ते पाहिलं. स्विचच्या जागी १० किलोओमचा पोटेन्शियोमीटर (हाताने कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) जोडून हळूहळू कमी केला. सुमारे ४.५ किलोओमला, म्हणजे सिग्नलवर ६ व्होल्टच्या आसपास, दिवा लागला. ओल्या सकाळी गळती २.१ किलोओमच्या आसपास होती, त्यातून सिग्नल ३.७ व्होल्टवर येतो. ओल सुकून गळती ६ किलोओमच्या वर गेली की सिग्नल ६.८ च्या वर चढतो आणि दिवा विझतो. मालकाने सांगितलेलं वर्तन आकड्यांतून जसंच्या तसं निघालं. हे जुळलं नसतं, तर दुसरा दोष शोधावा लागला असता.

अर्थ वायरही सोडली नाही. २.६ मिलीअँपिअरवर खराब अर्थसुद्धा चांगला दिसतो, त्यामुळे तो करंट चाचणीला पुरत नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २१ वॉटचा बल्ब कपलरच्या अर्थ पिनेला जोडला. बल्ब पूर्ण पेटला, आणि अर्थ वायरवर पडलेलं व्होल्टेज ०.०५. अर्थ उत्तम. हाच बल्ब रीड स्विचमधून मात्र पेटवून बघू नये. त्याच्या पातळ पत्र्या एवढ्या करंटने चिकटून बसू शकतात, आणि मग खरोखरच नवी डबी लागते.

ऑईल कपलरपर्यंत पोचलं कसं

दोष सापडला, पण कारण सापडल्याशिवाय काम संपत नाही. हा कपलर सीलबंद असतो. त्यात पाणी आणि ब्रेक ऑईल एकत्र का शिरलं?

कपलरची लॉकची जीभ तुटलेली होती. तो पूर्ण बसत नव्हता, सुमारे २ मिमी बाहेर राहत होता आणि त्यामुळे सीलची कड दाबली जात नव्हती. कोणीतरी पूर्वी तो खेचून काढला होता, बहुधा दिवा विझतो का हे बघण्यासाठीच. मे महिन्यापासूनचा क्रम मग उलगडत गेला.

पुढचे पॅड झिजले की डबीतलं ऑईल गळती नसतानाही उतरतं, कारण पिस्टन बाहेर आलेला असतो आणि त्याच्या मागची जागा ऑईल भरून काढतं. किती उतरतं ते मोजता येतं. या गाडीच्या कॅलिपरचा पिस्टन ५४ मिमी व्यासाचा, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास २२.९ चौरस सेंटिमीटर. एका पिस्टनच्या, सरकत्या कॅलिपरमध्ये दोन्ही पॅडची झीज तो एकच पिस्टन भरून काढतो. प्रत्येक पॅड ८ मिमी झिजला, तर पिस्टन १६ मिमी बाहेर येतो. एका चाकाला ३६ मिलीपेक्षा थोडं जास्त, दोन चाकांना सुमारे ७३ मिली. डबीतल्या मॅक्स आणि मिन यांच्यातला बराचसा भाग यातच जातो. मग गगनबावड्याच्या वळणांवर ऑईल एका बाजूला कललं की फ्लोट टेकतो आणि दिवा चमकतो.

म्हणजे मे महिन्यातला दिवा खरं बोलत होता: पॅड बघा. त्याच्यावर ऑईल ओतून डबी मॅक्सपर्यंत भरली. दिवा गेला, आणि पॅड आणखी दोन महिने झिजत राहिले. जुलैमध्ये नवे पॅड घालताना पिस्टन मागे दाबले. ७३ मिली ऑईल परत डबीत आलं. मॅक्सच्या वर झाकणापर्यंत या डबीत जागा जेमतेम ४० मिलीची. उरलेलं झाकणाच्या श्वासछिद्रातून बाहेर आलं, डबीच्या अंगावरून उतरलं आणि नीट न बसलेल्या कपलरवर पडलं. त्यानंतर काठोकाठ भरलेली डबी घाटात कलली की थोडं थोडं वर येतच राहिलं. झाकणाच्या आतलं रबरही एका बाजूला फाटलेलं होतं.

ब्रेक ऑईल हवेतली वाफ ओढून घेतं आणि पाण्यात पूर्ण मिसळतं. त्यामुळे कपलरमध्ये शिरलेला त्याचा थर सुकत नाही. पाणी उडून गेलं असतं, हा थर पावसाळाभर ओल धरून ठेवतो. त्यात पिनेचा विरघळलेला धातू आणि रस्त्याचा चिखल मिसळला की वीज वाहायला हवी तेवढी वाट तयार होते.

दुरुस्ती

नवी डबी लागली नाही. बदललं ते एवढंच: कपलर त्याच्या दोन टर्मिनल आणि वायर सीलसह, झाकणाचं रबर, आणि सगळं ब्रेक ऑईल.

जुना कपलर कापताना वायरींचं आवरण थोडं थोडं सोलत मागे गेलो, तर सिग्नल वायरच्या तारा सुमारे ६० मिमीपर्यंत काळ्या-हिरव्या होत्या, अर्थच्या २० मिमीपर्यंत. ओल बारीक तारांच्या फटींतून आवरणाच्या आत वर चढत जाते. कपलरजवळच कापून जॉइंट मारला असता तर तो जॉइंट काही महिन्यांत आतून सडला असता. चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापायचं, मग त्याला तेवढ्याच जाडीची वायर जोडायची, इथे ०.५ चौरस मिमी. जॉइंट क्रिम्प करून त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह बसवली. दोन जॉइंट शेजारी शेजारी न ठेवता ४० मिमी अंतराने ठेवले. नुसत्या इन्सुलेशन टेपवर भिस्त ठेवायची नाही. बॉनेटखालच्या उष्णतेत तिचा गोंद पातळ होतो आणि ती ओलच धरून बसते.

वायर कपलरकडे वरून थेट उतरू दिली नाही. आधी कपलरच्या खाली झोळ घेऊन मग वर आणली, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, कपलरमध्ये शिरत नाही. सीलच्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, पिनांवर नाही.

डबीतलं जादा ऑईल मोठ्या सिरिंजने काढलं. मॅक्सपर्यंत यायला ३५ मिली निघालं. ओलाव्याच्या पेनने तीन टक्क्यांच्या वर दाखवलं. हे पेन अंदाज देतं, अचूक मोजमाप नाही, पण ऑईल तीन वर्षांहून जुनं आणि रंगाने काळपट होतं, म्हणून बदलण्याचा निर्णय सोपा होता. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ (ब्रेक ऑईलचे दर्जे) असं छापलेलं होतं, डॉट ४ घेतलं. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०. सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावर हेच अनुक्रमे किमान १४० आणि १५५ असतात. करूळ किंवा भुईबावडा घाट उतरताना सतत ब्रेक धरले की कॅलिपर इतके तापतात की हा फरक पेडलखाली जाणवतो: ऑईल उकळून वाफ झाली की पेडल मऊ होऊन खाली जातो.

एक लिटरपैकी सुमारे ७०० मिली ब्लीडिंगमध्ये (जुनं ऑईल आणि हवा चाकांपाशी बाहेर काढत नवं भरण्यात) लागलं. क्रम त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. ब्लीडिंग चालू असताना डबी मिनच्या खाली जाऊ द्यायची नाही, नाहीतर मास्टर सिलिंडरमध्ये हवा शिरते आणि एबीएसच्या गाडीत ती काढणं जिकिरीचं होतं. निघालेलं ऑईल परत वापरायचं नाही, आणि उघडलेली अर्धी बाटली पुढच्या गाडीसाठी ठेवायची नाही. अंगावर किंवा रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवावं, पण त्या वेळी कपलर बंद आणि झाकलेले असावेत.

दिवा विझला, पण लागतो का?

हे सर्वांत जास्त चुकणारं काम. दिवा विझवायला गाडी आली आणि दिवा विझला, की बिल होतं. पण अशा सर्किटमध्ये कपलर काढून ठेवला किंवा वायर तोडली तरी दिवा विझतो. काही ठिकाणी मुद्दाम तेच केलेलं सापडतं. त्यानंतर होज फुटून डबी रिकामी झाली तरी मीटर गप्प राहतो. चावी ऑन केल्यावर दिवा लागून विझला, एवढ्यावरही समाधान मानू नये. त्या चाचणीत मीटर स्वतःचा दिवा तपासतो, डबीपर्यंतची वायर नाही.

म्हणून शेवटची चाचणी ऑईल खाली आणूनच करायची. गाडी सपाट जागी, इग्निशन ऑन. स्वच्छ सिरिंजने ऑईल मिनच्या रेषेपर्यंत काढलं. फ्लोट टेकला, दहा सेकंदांनी दिवा लागला. पिनांवर ०.३ ओम. ऑईल परत मॅक्सपर्यंत भरलं, दिवा गेला. हे दोनदा केलं, कारण गाळाने चिकटणारा फ्लोट पहिल्यांदा सुटतो आणि दुसऱ्यांदा अडकतो. फ्लोट खाली जायला अडला असता, तर डबी काढून आतला गाळ धुवावा लागला असता. या चाचणीत पेडलला पाय लावायचा नाही.

मग हँडब्रेक ओढून दिवा, सोडून दिवा बंद. नंतर कपलरवर पाच मिनिटं स्प्रेने पाणी मारत सिग्नल व्होल्टेज बघितलं: १२.१ वर स्थिर. शेवटी पन्हाळ्याच्या रस्त्याने चढ-उताराची फेरी, पाऊस चालू असतानाच.

कपलर काढूनही दिवा राहिला असता तर

या गाडीत ते झालं नाही, पण अशा तक्रारींत ती दुसरी मोठी शाखा आहे. दोन्ही स्विचचे कपलर काढून अर्धा मिनिट थांबलं आणि दिवा पेटलेलाच असेल, तर सिग्नल वायर वाटेत कुठेतरी बॉडीला टेकली आहे किंवा मीटर खराब आहे. इग्निशन बंद करून मीटरचा कपलर काढायचा, त्या पिनेपासून बॉडीपर्यंत ओम मोजायचे. काही किलोओमपेक्षा कमी दिसलं तर वायरिंगमध्ये दोष आहे, वाट उघडी असेल तर मीटरकडे वळायचं.

वायर टेकण्याच्या जागा ठरलेल्या असतात: बॅटरीच्या ट्रेची कड, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीतला रबरी ग्रोमेट, आणि हँडब्रेकच्या कव्हरखाली, जिथे सीटकव्हर किंवा साउंड सिस्टिम बसवताना स्क्रू वायरमध्ये जातो. उसाच्या फडाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेली वायरिंगही बघावी लागते, विशेषतः तोड सुरू झाली आणि फडातले उंदीर बाहेर पडले की. उंदराने वायर पूर्ण तोडली तर या प्रकारच्या सर्किटमध्ये दिवा लागत नाही, तो कायमचा बंद होतो, आणि वर सांगितलेली ऑईल उतरवण्याची चाचणी केल्याशिवाय ते कळत नाही.

जॉब कार्डावर शेवटी हे नोंदवलं: सिग्नल १२.१ व्होल्ट, स्विच उघडा असताना अनंत, जोडल्यावर ०.३ ओम, पुढचे पॅड ९ मिमी, मागचे लायनर ३.५ मिमी, ऑईलची पातळी मॅक्सवर. मालकाला सांगितलेली गोष्ट एकच होती: "मालक, पुढच्या वेळी डबी उतरलेली दिसली तर आधी पॅड मोजायला लावा, आणि पॅड बदलायची वेळ आली तर पिस्टन दाबायच्या आधी डबीतलं जादा ऑईल काढून घ्यायला सांगा."

सप्टेंबरमध्ये गाडी मागच्या लायनरसाठी परत आली. पाऊस चालूच होता. कपलर कोरडा, सिग्नल १२.१, पातळी मॅक्सच्या किंचित खाली.